जुन्या गवयांकडून शिकायचं कसं आणि शिकताना घर कसं चालवायचं

विशारद झालंय, गळा बरा आहे किंवा तबला-पेटीवर हात व्यवस्थित चालतोय, घरचे विचारतायत की यात पैसे आहेत का, आणि एकीकडे कोणीतरी सांगतंय की कलेचा बाजार मांडू नकोस तर दुसरीकडे कोणीतरी म्हणतंय रोज एक रील टाक. अशा वळणावर उभे असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी साथीला बसणारा माणूस, क्लासही घेतो, आणि माझं यातलं मत पक्कं आहे. जुन्या लोकांकडे आपण राग शिकायला जातो, बंदिशी घ्यायला जातो, पण त्यांनी पैसा कसा मिळवला, कुठल्या कामाला हो म्हटलं, कशाला नाही म्हटलं, हे विचारतच नाही. तोही तालमीचाच भाग आहे. तो न घेता बाहेर पडलेली मुलं मग एकतर तीन वर्षांत थकून संगीत सोडतात नाहीतर इतक्या सुपाऱ्या घेतात की रियाजाला वेळच उरत नाही.

आधी थोडं मागे बघू, कारण आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलाय की जुने बुवा-खाँसाहेब फक्त साधना करायचे आणि पैसा वगैरे त्यांना कळत नव्हता. भास्करबुवा बखले घ्या. लहानपणी किर्लोस्कर कंपनीत नट, मग आवाज फुटला, मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे आग्र्याचे नत्थन खाँ, नंतर अल्लादिया खाँ, अशी तीन वेगवेगळ्या घरांची तालीम त्यांनी घेतली. आणि याच माणसाने 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला आणि 1916 मध्ये स्वयंवर नाटकाला चाली दिल्या, त्या चालींत उस्तादांकडून मिळालेल्या ख्यालांचा ऐवज होता, आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे नाटकाचं काम करताना बुवांनी हलकं काहीतरी बाजूला काढून दिलं नाही, जे सगळ्यात चांगलं होतं तेच तीन-चार मिनिटांत बसवलं. हे तीन-चार मिनिटांत बसवणं शिकायला फार मोठी तालीम लागते बरं का, पसारा कमी करायचा तर आधी पसारा माहीत पाहिजे.

अहमदजान थिरकवा खाँसाहेबांचं नाव घेताना आपण कानाला हात लावतो, तेही बरीच वर्षं गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवत होते. नाटक कंपनीतली नोकरी ती. आज कोणी म्हटलं की मी नाटकाला साथ करतो किंवा सीरियलच्या टायटल ट्रॅकला वाजवतो तर क्लासमधली दोन माणसं नाक मुरडतात, त्यांना ही गोष्ट सांगायला हवी.

वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण तर मी प्रत्येकाला सांगतो. वसंतराव अनेक वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते, दिवसभर हिशेबाचं काम आणि बाकीचा वेळ गाण्याला, आणि त्याआधी लाहोरला असद अली खाँकडे जाऊन मारवा रागाची तालीम घेतलेली. 1967 ला कट्यार काळजात घुसली हे संगीत नाटक रंगमंचावर आलं तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. म्हणजे उशीर वगैरे काही नसतं, आणि नोकरी केली म्हणून गाणं दुय्यम झालं असंही नाही. उलट त्या पगारामुळे त्यांना आपल्या गळ्याला पटेल तेच गाता आलं असं मला वाटतं. त्या नाटकाचं संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, ते गोव्यातल्या मंगेशीचे, वडिलांचं कीर्तन ऐकत मोठे झालेले, आकाशवाणीत काम केलेले, जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या गुरूंकडे शिकलेले. नाट्यसंगीताने त्यांना घराघरात नेलं आणि शिष्यांना ते घरी ठेवून शिकवत राहिले. दोन्ही चालू.

हे सगळं गोड नाही, तेही बघा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजेरजवाड्यांच्या दरबारातलं गाणं तिकीट लावून लोकांसमोर आणलं, गवयाला समाजात मान मिळवून दिला, पण मुंबईच्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज अंगावर आलं आणि ती वास्तू गेली. बालगंधर्वांचंही तसंच, भरजरी शालू, अत्तर, उत्तमातले उत्तम साथीदार, प्रेक्षकांचं अमाप प्रेम, आणि तरी कंपनीवर कर्जाचा डोंगर. गाणं कमी पडलं म्हणून यातलं काही झालं नाही, हिशेब बघणारं खात्रीचं माणूस जवळ नव्हतं किंवा त्याचं ऐकलं गेलं नाही. त्यामुळे ज्यांना सभागृह, स्टुडिओ, अकादमी काढायचीय त्यांनी आधी हे दोन जण वाचावेत, आणि घरावर कर्ज काढून अल्बम करायचा विचार असेल तर तो आजच सोडून द्यावा.

बरं आता प्रत्यक्ष काय करायचं.

कोणाकडे जायचं

टीव्हीवर दिसणाऱ्या नावांमागे धावू नका. तुमच्या गावात किंवा शेजारच्या तालुक्यात सत्तरी ओलांडलेला एक पेटीवाला, एक पखवाजी, संगीत नाटकाला ऑर्गन वाजवलेला एखादा माणूस, संगीतबारीत ढोलकी वाजवलेले कोणीतरी, आकाशवाणीवरून रिटायर झालेले एखादे गायक नक्की असतात. त्यांच्याकडे वेळ असतो आणि बऱ्याचदा ऐकायला येणारं कोणी नसतं. आळंदी-देहूकडच्या जुन्या पखवाजींकडे ठेक्याचं जे वजन आहे ते क्लासच्या पुस्तकात सापडत नाही. ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला कुठलीही पट्टी, कुठलाही मुखडा, प्रेक्षक कधी उठायला लागतो, सगळं पाठ असतं, त्याला कमी लेखू नका.

शोधायचं कुठे, तर मैफलीला जा. डिसेंबरातला पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव सगळ्यांना माहीत आहे, 1953 मध्ये भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला, पण तिथे गर्दीत कोणाशी बोलणं होत नाही. छोट्या बैठकी जास्त उपयोगाच्या. पुण्यात भारत गायन समाज, कोल्हापुरात देवल क्लब, मुंबईत दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, पणजीत कला अकादमी, आणि मिरजेला ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसातली संगीतसभा, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत कलाकार हजेरी लावतात. अशा ठिकाणी लवकर जायचं, पुढे बसायचं, शेवटपर्यंत थांबायचं आणि कार्यक्रम संपला की मुख्य कलाकाराभोवती सेल्फीवाल्यांची गर्दी होते तेव्हा साथीदारांकडे जायचं. त्यांना नमस्कार करून, त्यांनी काय छान वाजवलं ते नेमकं सांगायचं. नेमकं म्हणजे "मस्त झालं काका" असं नाही, "विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तुम्ही अंतऱ्याला पेटी जवळजवळ बंद केलीत आणि फक्त षड्ज धरलात, ते फार आवडलं" असं. माणूस लगेच मोकळा होतो, कारण त्याला कळतं की हा ऐकत होता.

पुढे फोन करायचा. इन्स्टावर मेसेज नको, आणि पहिल्याच फोनला "मला शिकवाल का" हेही नको. "गुरुजी, एकदा येऊन बसू का, तुमच्या सोयीने" एवढंच. ओळखीचं कोणी सोबत असेल तर उत्तम. गेल्यावर गाऊन दाखवायची घाई नको, त्यांनी सांगितलं तरच. तंबोरा धरू का म्हणून विचारा.

तंबोऱ्यामागे बसणं

याच्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त शिकणं इथेच होतं आणि आजकाल नेमकं हेच गाळलं जातं. फोनमधल्या तंबोऱ्याने घरचा रियाज होतो, त्याला माझी ना नाही, पण गुरूंच्या मागे बसून खरा तंबोरा छेडताना तुम्हाला ते श्वास कुठे घेतात, एखादी जागा घ्यायच्या आधी मान कशी हलते, सूर लागला नाही तर ते काय करतात, तबलजीला डोळ्यांनी काय सांगतात, हे सगळं दिसतं. समोरच्या रांगेत बसून हे दिसत नाही.

तंबोरा लावायला शिका. पंचम, मग दोन जोडीच्या तारा, मग खर्ज म्हणजे खालचा सा, आणि ज्या रागात पंचम नाही तिथे मध्यम किंवा निषाद. जोड एकमेकींत विरघळेपर्यंत मणी सरकवत राहायचं, आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा पुढे-मागे करून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा भरीव नाद, खुलवायची. हे सुरुवातीला फार वेळ खातं आणि गुरुजी मध्येच तारा उतरवून पुन्हा लावायला सांगतील, वाईट वाटून घेऊ नका, त्या वेळात तुमचा कान तयार होतोय. मिरजेत तंबोरे बनवणारी घराणी आहेत, जमलं तर एकदा तिथे जाऊन जवारी काढताना बघा, कानाला जे कळत नाही ते हाताला कळतं.

किशोरीताई आमोणकर आई मोगूबाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसत, तिथे त्यांना गाणं तर मिळालंच पण आणखी एक गोष्ट दिसली, आपल्या आईसारख्या थोर गायिकेला आयोजक कसं वागवतात, प्रवास कसा देतात, राहायची सोय कशी करतात. पुढे किशोरीताई आयोजकांशी कडक वागायच्या म्हणून लोक नावं ठेवायचे, पण त्यामागे ते लहानपणी बघितलेलं होतं, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. तंबोऱ्यामागून हेही शिकता येतं की कलाकाराने कुठे वाकायचं नाही.

तालमीत काय पाळायचं

रेकॉर्डिंग विचारून करा, प्रत्येक वेळी विचारा. फाइलला तारीख, राग, ताल लिहा. ते रेकॉर्डिंग कोणाला पाठवायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही, गुरुबंधूलाही गुरुजींना विचारून. त्याच रात्री घरी येऊन ऐका आणि गा, दुसऱ्या दिवशी नको, कारण दुसऱ्या दिवशी शब्द आठवतात आणि वळण निसटलेलं असतं. स्वरलेखन जरूर करा पण ते फक्त खूण म्हणून, कागदावरून गायची सवय लागली की बंदिश मरते.

गुरुजी एकच बंदिश महिनोन्महिने घोटून घेतील. घेऊ द्या. नवीन काय शिकवताय असं विचारायचा मोह फार होतो, विशेषतः बाजूचा मुलगा दर आठवड्याला नवीन राग पोस्ट करतो तेव्हा. मध्येच थांबवून प्रश्न विचारू नका, चहाच्या वेळेला विचारा. आणि काय विचारायचं ते ठरवून जा, कारण "तुमचा अनुभव सांगा" म्हटलं की त्यांनी वीस वेळा सांगितलेले किस्सेच पुन्हा येतात. मी काय विचारतो ते सांगतो. तुमची पहिली बिदागी किती होती आणि ती कशात गेली? घसा बसला होता त्या सीझनला काय केलंत, कार्यक्रम रद्द केलेत का? आवडत नसलेलं कुठलं काम पैशासाठी केलंत आणि ते करताना रियाज कसा सांभाळलात? कोणत्या आयोजकाकडे परत गेला नाहीत आणि का, नाव नका सांगू फक्त कारण सांगा. साथीदाराला पैसे कधी द्यायचात? घरच्यांनी काय सोसलं? या प्रश्नांना बुजुर्ग आधी गप्प होतात आणि मग जे बोलतात ते सोनं असतं. त्यांच्या बायकोशी, म्हणजे आपल्या काकूंशीही बोला, घर कसं चाललं हे अनेकदा त्यांनाच जास्त माहीत असतं.

फी द्या. जुन्या पिढीतले खूप जण "राहू दे रे" म्हणतात, तरी द्या, दर महिन्याला, पाकिटात घालून, पाया पडताना. नाहीच घेतली तर औषधं, रिक्षा, तंबोऱ्याच्या तारा, लाइट बिल, काहीतरी आपल्या अंगावर घ्या. म्हाताऱ्या कलाकाराकडून फुकट शिकून आपण पुढे त्याच बंदिशीवर मानधन घेणार असू तर ते बरोबर नाही.

दुसऱ्या गुरूंकडे जायचं असेल तर विचारून जा. भास्करबुवांनी तीन घरांचं घेतलं, अभिषेकीबुवांनीही वेगवेगळ्यांकडून घेतलं, त्यात वाईट काही नाही, पण चोरून जाऊ नका, हे जग लहान आहे.

आणि एक गंभीर गोष्ट. आदर म्हणजे सगळं सहन करणं नाही. जो गुरु तुम्हाला कमवायला पूर्ण बंदी घालतो आणि बदल्यात काहीच जबाबदारी घेत नाही, वर्षानुवर्षं घरकाम करून घेतो आणि शिकवत नाही, मुलींच्या अंगाला नको तिथे हात लावतो, एकट्याने रात्री यायला सांगतो, त्याच्याकडून निघा. त्याच दिवशी निघा आणि घरी सांगा. राग दुसरीकडेही शिकता येतो.

पैशाचं

आधी कागद घ्या आणि महिन्याचा खर्च लिहा, भाडं, किराणा, प्रवास, हप्ता, गुरुजींची फी, वाद्याची दुरुस्ती. हा आकडा जेवढा आहे तेवढं स्थिर काम आधी उभं करा, शाळेत संगीतशिक्षक, क्लास, नृत्याच्या क्लासला लेहरा म्हणजे तालाच्या आवर्तनावर फिरणारी पेटीची धून, परीक्षांना पेटीची साथ, अर्धवेळ नोकरी, काहीही. परदेशातल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकायला तयार असतात आणि फी वेळेवर देतात, फक्त लक्षात ठेवा की झूमवर दोघांनी एकत्र ताल धरता येत नाही, आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे त्यांच्याकडे ठेक्याचा ट्रॅक द्यायचा आणि आपण नुसतं ऐकायचं. अमेरिकेची वेळ पकडली तर हे क्लास आपल्या पहाटे येतात आणि नेमका रियाज जातो, म्हणून मी म्हणेन संध्याकाळचे युरोप किंवा आखाताचे विद्यार्थी घ्या आणि सकाळ कोणालाही विकू नका. सकाळचे दोन तास तुमचे राहिले तर बाकी दिवसात काय करता याने फारसा फरक पडत नाही.

मग सीझनचं काम. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, अखंड हरिनाम सप्ताह, कीर्तनाची साथ, लग्नातले हळदीचे कार्यक्रम. यातलं दिवाळी पहाट आणि सप्ताह हे तुमच्या शिक्षणाच्या अगदी जवळचं आहे, तिथे जीव ओता. दिवाळी पहाटला पहिल्यांदा लोकांच्या ओळखीचा एक अभंग घ्या, लोक स्थिरावले, चहाचे कप खाली ठेवले, की दुसऱ्या नंबरला अहिर भैरव किंवा तोडी, मध्यलयीत, वीस मिनिटं, त्याच्या आधी दोन वाक्यांत सांगा की यात काय ऐकायचं. मग नाट्यपद, पुन्हा अभंग, शेवटी भैरवी. सुरुवातीलाच पाऊण तास विलंबित लावलं तर पाठीमागची माणसं उठतात आणि पुढच्या वर्षी आयोजक तुम्हाला बोलावत नाहीत, आणि नुसतीच फर्माईश गाल तर तुम्हालाच स्वतःचा कंटाळा येईल. भीमसेनजींची संतवाणी आठवा, ख्यालाचा तोच दमसास, तीच फिरत, अभंगात ओतलेली, आणि मैदानभर बसलेल्या लोकांनी आयुष्यात कधी ख्याल ऐकला नव्हता त्यांनाही ते भिडत होतं. अभंग गाताना गळा अर्धा वापरायचा आणि ख्यालासाठी राखून ठेवायचा असं त्यांनी केलं नाही.

हळदीचे, ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम घ्यायचे असतील तर ट्रॅक आधी आपल्या पट्टीत करून घ्या, मूळ गाण्याच्या पट्टीत ओरडू नका. मॉनिटर नीट मागा, स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस घसा ताणतो. लागोपाठच्या रात्री घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कमी बोलायचं, गरम पाणी, आणि फक्त खर्ज, ताना अजिबात नाहीत.

साथीदारांना पैसे त्याच रात्री. आयोजकाने दिले नाहीत तरी. जो गायक म्हणतो "माझं आलं की तुझं देतो" त्याच्याबरोबर पुढच्या वेळी चांगला तबलजी येत नाही, हे मी साथीदार म्हणून सांगतोय.

कार्यक्रम ठरवताना लाजू नका. मानधन किती, प्रवास कोण देणार, राहायची-जेवायची सोय, साउंड कोणाचा, किती वेळ गायचंय, ॲडव्हान्स किती, हे सगळं फोनवर बोलून झालं की व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं आणि समोरच्याचं "हो" घ्यायचं. टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापून घेतलेला कर, कापला तर सर्टिफिकेट मागा आणि रिटर्न भरा, खूप कलाकारांचे पैसे नुसते तसेच पडून राहतात. फुकट कोणासाठी गायचं तेही ठरवा. गुरूंच्या पुण्यतिथीला, देवळात, कोणा आजारी कलाकाराच्या मदतीला, जरूर. पण स्टेजवर पाच स्पॉन्सरचे बॅनर आहेत आणि कलाकाराला सांगतायत की तुम्हाला प्लॅटफॉर्म मिळेल, तिथे नम्रपणे नाही म्हणा. झाकीर हुसेन लग्नात, लोक खातपीत असलेल्या खाजगी पार्ट्यांत वाजवत नसत, आणि तेच झाकीरभाई चहाच्या जाहिरातीत दिसले, सिनेमाला संगीत दिलं, परदेशी वादकांबरोबर वाजवलं. त्यांची रेषा लोकप्रियतेच्या आड येत नव्हती, तबला वाजत असताना समोरचा माणूस ऐकतोय की नाही एवढंच ती विचारत होती. तुमची रेषा वेगळी असू शकते पण ती आधीच ठरलेली असू दे, ऐन फोनवर ठरवायला गेलात की पैसे जिंकतात.

सिनेमा आणि रेकॉर्डिंगबद्दल बुजुर्गांची मतं टोकाची असतात. किशोरीताईंनी 1964 च्या एका हिंदी सिनेमात गायलं तेव्हा मोगूबाईंनी बजावलं होतं की हे करायचं असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. दुसरीकडे बासरीवादक हरिप्रसाद चौरसियाजी मुंबईच्या स्टुडिओंत बासरी वाजवून व्यवस्थित कमावत असताना अन्नपूर्णादेवींकडे गेले, पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवायला बासरी धरायची बाजूच बदलली, आणि नंतर संतूरवादक शिवकुमार शर्माजींबरोबर सिनेमांना संगीतही दिलं. मला वाटतं दोन्ही बरोबर आहेत, फरक माणसाच्या स्वभावाचा आहे. स्टुडिओत एका टेकमध्ये स्वच्छ वाजवायची शिस्त लागते ती उपयोगाची, पण तिथल्या कामाने बोटं तेवढ्याच आठ मात्रांत फिरायला लागली असं जाणवलं की काम कमी करायचं. गोव्यातून आलेले अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी व्हायोलिन शिकले, ते सिनेमासाठी वाजवत आणि अरेंज करत आणि 1958 मध्ये त्यांनी भारतीय रागांवर स्वतः लिहिलेलं संगीत मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. स्टुडिओच्या कामाने त्यांच्यातला रचनाकार मेला नव्हता.

हक्क आणि कागदपत्रं

हे कंटाळवाणं वाटेल पण वाचा. संतांचे अभंग कोणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या अभंगाची गाजलेली चाल संगीतकाराची असते आणि तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तेव्हा यूट्यूबवर टाकणार असाल तर स्वतः चाल बांधा किंवा परवानगी घ्या. पारंपरिक बंदिश गायला हरकत नाही, पण गुरुजींनी स्वतः रचलेली बंदिश असेल तर विचारा आणि नाव द्या. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनी करारात लिहून काढून घेऊ शकत नाही. चाली किंवा शब्द रचत असाल तर आयपीआरएस या कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा, गायकांची वेगळी संस्था आहे. करारात "सर्व हक्क, कायमचे, संपूर्ण जगात" असं दिसलं तर त्या दिवशी सही करू नका, घरी आणा, वकील ओळखीचा नसेल तर निदान ज्यांनी असे करार केलेत अशा जुन्या संगीतकाराला दाखवा. इथे बुजुर्ग फार कामाला येतात, त्यांनी ठेच खाल्लेली असते.

आकाशवाणीची ऑडिशन द्या, बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. मानधन फार नाही पण ठरलेल्या मिनिटांत राग मांडायची सवय होते आणि छोट्या गावांतले आयोजक श्रेणी अजून विचारतात.

रील टाकायची तर टाका. तालमीतलं नको, अर्धवट राग नको, जे तुमचं पक्कं बसलंय त्यातला एक मिनिट. आणि व्ह्यूज किती आले हे रियाजाच्या आधी बघू नका, खरंच सांगतो, सूर लागत नाही.

गुरुजी थकले की

बऱ्याच बुजुर्गांच्या कपाटात कॅसेट पडलेल्या असतात, खाजगी मैफली, त्यांच्या गुरूंची तालीम, रेडिओवरून टेप केलेलं. बुरशी लागायच्या आधी त्या डिजिटल करून द्यायचं काम अंगावर घ्या. चांगला डेक मिळवा, हेड स्पिरिटने पुसा, एमपी3 नको, वेव्ह फाइल करा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि एक कुटुंबाला द्या. मग गुरुजींना शेजारी बसवून प्रत्येक कॅसेट ऐकवा आणि राग, ताल, साल, गाव, साथीला कोण, सगळं लिहून घ्या. साथीदारांची नावं कव्हरवर जवळपास कधीच नसतात, ती गुरुजींनाच माहीत असतात. हे ऐकताना त्यांना जे आठवतं ती तुमची वेगळी तालीम होते. यातलं काही चॅनेलवर टाकायचं असेल तर आधी त्यांची आणि घरच्यांची परवानगी लेखी घ्या, साथीदार किंवा त्यांची मुलं सापडली तर त्यांनाही विचारा, आणि त्या चॅनेलचे पैसे आले तर ते कोणाच्या खात्यात जाणार हे पहिली फाइल अपलोड करण्याआधी सगळ्यांसमोर बसून ठरवा.